दगडापासून पडद्यापर्यंत : उर्दू वर्तमानपत्राचा प्रवास

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या टापूतील भाषेविषयी बोलणे निघाले, की मराठी आणि कन्नड या दोनच भाषा आपल्या डोळ्यांपुढे येतात. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, आणि २००४ पासून हा तंटा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. या दीर्घ वादात दोन भाषांचा गजर एवढा मोठा झाला, की तिसऱ्या एका भाषेचा आवाज कोणाच्या कानी फारसा पडला नाही. ती भाषा उर्दू. बेळगाव जिल्ह्याच्या जनगणनेत मातृभाषा म्हणून कन्नड आणि मराठी यांच्या खालोखाल तिचीच नोंद होते. आजच्या भाषणात या भाषेतील वर्तमानपत्राची हकिगत सांगावयाची आहे. ते दगडावर कसे छापले जाई, कागदावरून काचेच्या पडद्यावर कसे गेले आणि या स्थलांतरात सीमाभागातील मुसलमान वाचकाच्या हाती काय आले व काय निसटले, हा माझा विषय आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. उर्दू म्हणजे मुसलमानांची भाषा आणि उर्दू वर्तमानपत्र म्हणजे मुसलमानांचे वर्तमानपत्र, असे समीकरण आपण सहजपणे मांडतो. इतिहास तसे सांगत नाही. उर्दूतील पहिले वर्तमानपत्र ‘जाम-ए-जहाँनुमा’ हे १८२२ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास निघाले, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पूर्वी दहा वर्षे. त्याचे चालक हरिहर दत्त आणि संपादक सदासुखलाल हे दोघेही हिंदू होते. लखनौस ‘अवध अखबार’ चालविणारे मुन्शी नवलकिशोर यांचे नाव तर उर्दू ग्रंथप्रकाशनाच्या इतिहासात फारच वरचे आहे. उलट बाजूने पाहिले तर मुसलमानांनी मराठीतून लिहिले नाही असेही नाही. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्या मंडळाची ‘मुस्लिम सत्यशोधक पत्रिका’ मराठीतच निघाली. धर्म आणि भाषा यांची सांगड आपण मानतो तितकी पक्की कधीच नव्हती. तरी विसाव्या शतकात, विशेषतः फाळणीनंतर, दक्षिणेत उर्दू वाचणारा वर्ग बहुतांशी मुसलमान राहिला आणि उर्दू दैनिक हे त्या समाजाचे घरगुती पत्र बनले, हेही मान्य केले पाहिजे.

सीमाभागातील मुसलमानाची घरची बोली मात्र लखनौ-दिल्लीची उर्दू नव्हे. ती दख्खनी. बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशीद ज्या आदिलशाहीची साक्ष देते, त्याच आदिलशाहीत ही बोली दरबारी कवितेची भाषा झाली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा ‘किताब-ए-नवरस’ हा ग्रंथ दख्खनीत आहे. या बोलीत नकारासाठी ‘नक्को’ म्हणतात आणि शब्दावर जोर द्यावयाचा तर त्याच्या शेवटी ‘च’ लावतात. हे दोन्ही अलंकार तिने मराठीकडून घेतले आहेत हे सांगण्यास भाषापंडिताची गरज नाही. म्हणजे निपाणीच्या बाजारात तंबाखूचा सौदा करणारा मुसलमान व्यापारी घरात दख्खनी बोलतो, दुकानात मराठी बोलतो, सरकारी कागद कन्नडमध्ये वाचतो आणि उर्दू दैनिक हाती घेतो तेव्हा चौथ्याच एका भाषेत शिरतो. ती भाषा त्याला कळते, पण ती त्याला शिकावी लागलेली असते. मदरशात किंवा उर्दू शाळेत जो बसला नाही त्याला ती ऐकून कळते, वाचता येत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

या प्रदेशाचा उर्दू वृत्तपत्रसृष्टीशी अगदी जवळून संबंध आला तो १९२४ च्या डिसेंबरात. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले, आणि त्याच दिवसांत त्याच नगरीत खिलाफत परिषदही झाली. मावळते काँग्रेस अध्यक्ष मौलाना महंमद अली या अधिवेशनास आले होते. ते स्वतः जातिवंत पत्रकार होते. त्यांचे इंग्रजी ‘कॉम्रेड’ आणि उर्दू ‘हमदर्द’ ही दोन्ही पत्रे पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी रोषामुळे बंद पडली होती, आणि बेळगावच्या अधिवेशनाच्या थोडेच आधी त्यांनी ती पुन्हा सुरू केली होती. मुंबईत खिलाफत समितीचे ‘खिलाफत’ हे उर्दू दैनिकही त्या काळात निघत असे. खेड्यातील ज्या माणसाने तुर्कस्तान नकाशावरही पाहिले नव्हते, त्याला तेथील खलिफाची चिंता वाटू लागली, ती या पत्रांमुळे. ती चिंता योग्य होती की नाही हा वाद वेगळा आहे. वर्तमानपत्राच्या कागदाची ताकद तिच्यातून दिसते, एवढेच मला येथे म्हणावयाचे आहे.

मुंबईचे जे उर्दू दैनिक आजही चालू आहे आणि ज्याच्याशी मराठी प्रदेशातील उर्दू वाचकाचा सर्वांत दीर्घ सहवास घडला, ते म्हणजे ‘इन्किलाब’. स्वातंत्र्यचळवळीत वावरलेले अब्दुल हमीद अन्सारी यांनी ते १९३८ साली काढले. पुढे त्यांच्या कुटुंबाने इंग्रजी ‘मिड-डे’ १९७९ साली सुरू केले, आणि २०१० साली हा सारा वृत्तपत्रव्यवसाय ‘जागरण’ या हिंदी समूहाकडे गेला. त्यानंतर ‘इन्किलाब’ने उत्तर भारतातही आवृत्त्या काढल्या. बेळगाव मुंबई राज्यात होते तोपर्यंत मुंबई हीच त्याची राजधानी होती. तेथील दैनिक पुणे-मिरजमार्गे आगगाडीने यावयाचे, म्हणजे छापल्या दिवशी ते हाती पडणे शक्यच नव्हते. निपाणीस तर आगगाडीच नाही, तेथपर्यंतचा शेवटचा टप्पा मोटारीचा. १९५६ नंतर राजधानी बंगळूर झाली आणि कचेरीच्या कामापुरती तिकडच्या उर्दू पत्रांची, ‘सालार’सारख्या दैनिकांची, गरज वाढली. व्यापार आणि सोयरीक मात्र कोल्हापूर-पुणे-मुंबईकडेच राहिली. उर्दू वाचकाचे मनही मराठी माणसासारखेच दोन राजधान्यांत विभागले गेले, आणि याबद्दल त्याला कोणी कधी विचारले असेल असे मला वाटत नाही.

शिळ्या बातमीची खंत मराठी वाचकालाही होती. परंतु उर्दू पत्रापुढे जी खरी अडचण होती ती मराठी पत्रापुढे नव्हती. ती अडचण म्हणजे लिपी.

उर्दू ज्या लिपीत छापली जाते तिला नस्तालीक म्हणतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला एका ओळीत लटकलेली असतात आणि प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. नस्तालीकचा स्वभाव अगदी निराळा. तिच्यात शब्द उजवीकडे वरच्या बाजूस सुरू होतो आणि उतारावरून पाणी वाहावे तसा डावीकडे खाली येतो. शब्द जितका लांब तितका त्याचा आरंभ उंच. त्यातून अक्षर आपले रूप शेजाऱ्याकडे पाहून बदलते. ‘बे’ हे अक्षर आरंभी एक आकार घेते, मध्ये दुसरा, शेवटी तिसरा, आणि पुढे कोणते अक्षर आहे त्यावर त्याचा दात लहान की मोठा, वर की खाली, हे ठरते. नुक्ते कोठे बसवावयाचे हाही प्रश्न असतोच, कारण वरच्या अक्षराचा नुक्ता खालच्या अक्षराच्या डोक्यावर पडला तर शब्दच बदलतो. हाताने लिहिताना हे सारे सौंदर्य ठरते. छापखान्यात तेच संकट होते.

शिसाचे खिळे जुळवून छापण्याची कला देवनागरीने जोडाक्षरांचा त्रास सोसून आत्मसात केली. नस्तालीकचे खिळे पाडण्याचे प्रयत्न कलकत्त्यास झाले, निजामाच्या हैदराबादेतही झाले. पण त्यांतून निघालेली अक्षरे वाचकाला पसंत पडली नाहीत. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ साली कलकत्त्यास ‘अल्-हिलाल’ काढले ते खिळ्यांनी छापले, पण त्यासाठी त्यांना नस्ख ही अरबी धाटणीची, सरळ ओळीत बसणारी लिपी घ्यावी लागली. उर्दू वाचकाने ‘अल्-हिलाल’च्या विचारांना डोक्यावर घेतले, अक्षरांना घेतले नाही. नस्ख त्याला आजही परकी वाटते. मराठी वाचकाला त्याचे रोजचे वर्तमानपत्र मोडीत हाती दिले तर जसे वाटेल, तसेच काहीसे हे आहे.

म्हणून उर्दू वर्तमानपत्राने दगडाचा आश्रय घेतला. शिळाछाप मराठीला नवी नाही. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत छापलेले मराठी पंचांग शिळाछापावरचेच होते, आणि कित्येक जुन्या घरांतील पोथ्याही शिळाछापाच्याच असतात. मराठीने ही पद्धत लवकरच मागे टाकली. उर्दू दीडशे वर्षे तिला धरून राहिली. तिची रीत अशी. कातिब, म्हणजे सुलेखनकार, खळ दिलेल्या पिवळसर कागदावर बोरूने आणि तेलकट शाईने मजकूर लिही. तो कागद गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर उलटा ठेवून दाबला, की अक्षरे दगडावर उमटत. मग दगडावर पाणी फिरवावयाचे, त्यावर छपाईची शाई फिरवावयाची. तेल आणि पाणी यांचे जमत नाही हे स्वयंपाकघरातील सत्य येथे कामी येई : ओल्या दगडावर शाई बसत नसे, तेलकट अक्षरांवर तेवढी बसे. चूक राहिली तर ती दुरुस्त करणारा निराळा कारागीर असे. त्याला संगसाज म्हणत, आणि त्याला दगडावर उलटी अक्षरे काढावी लागत. पुढे दगडाची जागा जस्ताच्या पत्र्याने आणि नंतर ऑफसेटने घेतली, पण कातिबाची बैठक हलली नाही. संपादकाने अग्रलेख लिहावा आणि कातिबाने तो पुन्हा लिहावा, अशी प्रत्येक शब्दाची दोनदा मजुरी उर्दू पत्राला विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत भरावी लागली. एका कातिबाच्या हातून दिवसात किती मजकूर निघणार यावर अंकाची पाने ठरत. उशिरा आलेली तार छापावयाची तर जागा आधीच राखून ठेवावी लागे.

हे चित्र ज्याला डोळ्यांनी पाहावयाचे होते, त्याला अगदी अलीकडच्या काळापर्यंत मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, जाता येत होते. सय्यद अजमतुल्ला यांनी १९२७ साली सुरू केलेले ‘मुसलमान’ हे चार पानांचे सायंदैनिक एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते. पहिल्या पानाचा एक कोपरा ताज्या बातमीसाठी रिकामा ठेवण्याची त्यांची पद्धत होती. संस्थापकाच्या पुत्राचे, संपादक सय्यद फझलुल्ला यांचे, २००८ साली निधन झाले आणि पत्र पुढच्या पिढीकडे गेले. जगभरचे पत्रकार हा चमत्कार पाहावयास येत. मला या कौतुकात थोडा करुण भाग दिसतो. जी गोष्ट एके काळी प्रत्येक उर्दू पत्राची नित्याची रीत होती, ती संग्रहालयातील वस्तूसारखी पाहण्याची वेळ आली, आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिच्यात लिहिलेले वाचता येत नव्हते.

कातिबाची बैठक उठविणारी गोष्ट १९८१ साली घडली, आणि ती पाकिस्तानात घडली. मिर्झा अहमद जमील या सुलेखनकाराने अक्षरे सुटी करण्याचा नाद सोडला आणि उर्दूत येणारे अक्षरसमूहच्या समूह हाताने लिहून काढले. त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. मोनोटाइप या इंग्रज कंपनीने ते यंत्रात भरले. या अक्षरमालेला त्यांनी आपल्या वडिलांच्या नावावरून ‘नूरी नस्तालीक’ असे नाव दिले, आणि १९८१ च्या ऑक्टोबरात लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने ती वापरली. युक्ती साधी होती, पण तिच्यासाठी एका माणसाने एवढी हजारो रूपे बसून लिहावी लागली. १९९४ च्या सुमारास भारतात ‘इन्-पेज’ नावाची संगणकाची आज्ञावली तयार झाली, आणि एका मेजावरच्या संगणकावर उर्दू दैनिकाचे पान बांधता येऊ लागले. पाच-सात वर्षांत कातिब गेले. दिल्लीची उर्दू भाषा विकास परिषद पुढे तरुणांना संगणकावरील उर्दू जुळणी शिकवू लागली. जुन्या कातिबांपैकी काहींनी ती शिकून घेतली, काहींनी लग्नपत्रिका आणि मशिदींचे फलक लिहिणे पत्करले.

येथे कोणालाही वाटेल, की अक्षर एकदा संगणकात गेले म्हणजे ते महाजालावर जाण्यास कितीसा वेळ लागणार? मराठी पत्रांचा अनुभव आठवा. आरंभी प्रत्येक मराठी दैनिकाच्या संकेतस्थळाचा टंक वेगळा होता आणि तो आपल्या यंत्रात उतरवून घेतल्याशिवाय मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. युनिकोड नावाची सर्व लिप्यांची सामाईक मोजदाद रूढ झाली, तेव्हा हा घोळ मिटला. उर्दूपुढे हाच घोळ दुप्पट होता. ‘इन्-पेज’मधील अक्षरे त्या आज्ञावलीबाहेर निरर्थक होती. म्हणून उर्दू दैनिके आपल्या पानांची छायाचित्रेच पडद्यावर ठेवीत. वर्तमानपत्र दिसे, पण त्यातला शब्द शोधता येत नसे, उचलून दुसऱ्यास पाठविता येत नसे, शोधयंत्राला तर ते कोरेच वाटे. बी.बी.सी.च्या उर्दू विभागाने युनिकोडचा मार्ग धरला, परंतु त्यासाठी नस्ख अक्षरे पत्करली. म्हणजे आझादांच्या ‘अल्-हिलाल’चाच प्रश्न नव्वद वर्षांनी पुन्हा पुढे आला.

सुटका सावकाश झाली. २०१२ साली विंडोजच्या नव्या आवृत्तीत नस्तालीक वळणाचा टंक आला, २०१४ साली गूगलने आपला नस्तालीक टंक सर्वांना मोकळा केला, आणि आयफोनवर उर्दू तिच्या स्वतःच्या वळणात दिसू लागली ती २०१७ साली. एवढ्या काळात इंग्रजी आणि हिंदी पत्रे पडद्यावर आपापली दुकाने मांडून बसली होती. हैदराबादचे ‘सियासत’ हे पत्र आबिद अली खान आणि महबूब हुसेन जिगर यांनी १५ ऑगस्ट १९४९ रोजी सुरू केले. आज त्याच्या उर्दू अंकाबरोबर त्याचे इंग्रजी संकेतस्थळही दूरवर वाचले जाते. ही घटना मला सूचक वाटते. उर्दू पत्र पडद्यावर येताना बरोबर दुसरी भाषा घेऊन आले.

छापील कागद संपूर्ण सोडून पडद्यावर गेलेल्या मुस्लिम पत्राचे उदाहरण म्हणून दिल्लीच्या ‘मिल्ली गॅझेट’चे नाव घ्यावे लागते. जफरुल इस्लाम खान यांनी २००० साली सुरू केलेले हे इंग्रजी पाक्षिक मुसलमानांच्या प्रश्नांना वाहिलेले होते. आर्थिक ओढाताणीमुळे २०१६ च्या डिसेंबरअखेर त्याचा छापील अंक थांबला, आणि पुढे ते केवळ संकेतस्थळाच्या रूपाने राहिले. पंडित नेहरूंच्या प्रेरणेने १९४५ साली लखनौस निघालेले उर्दू ‘कौमी आवाज’ २००८ साली बंद पडले आणि २०१७ साली पुन्हा सुरू झाले ते पडद्यावरच. मग २०२० च्या मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली. मुंबईत काही दिवस वर्तमानपत्रे छापली वा वाटली गेली नाहीत, आणि अंकाची पीडीएफ दूरध्वनीवरून धाडण्याची जी सवय तेव्हा लागली ती टाळेबंदी उठल्यावरही राहिली. ज्या बेळगावकराला मुंबईचा अंक शिळा मिळत असे, त्याला तो आता मुंबईकराच्या आधी, पहाटेच मिळू लागला. अंतर मिटले, ही या स्थलांतराची निर्विवाद जमेची बाजू.

खर्चाची बाजू मांडण्यासाठी छोट्या जाहिरातींकडे आणि किरकोळ मजकुराकडे पाहावे. समाजाचे पत्र म्हणजे केवळ अग्रलेख नव्हे. कोणाचा इंतकाल झाला, जनाजा कोणत्या नमाजानंतर निघेल, उर्दू शाळेतील कोणती मुलगी दहावीत पहिली आली, हजला जाणाऱ्यांची शिबिरे केव्हा आहेत, हे सारे तेथे असते. रमजानचे वेळापत्रक घ्या. बेळगाव मुंबईच्या पूर्वेस दीड अंशाहून थोडे अधिक आहे, आणि एका अंशाला सूर्याची चार मिनिटे लागतात. अक्षांशामुळे ऋतुपरत्वे हा फरक कमीअधिक होतो. तेव्हा मुंबईच्या पत्रातील सहरी-इफ्तारच्या वेळा पाहून बेळगावात रोजा धरता किंवा सोडता येत नाही. हे काही मिनिटांचे अंतर म्हणजेच स्थानिक पत्राचे प्रयोजन. पडद्यावर गेलेले मोठे पत्र सर्व देशाशी बोलते, आणि सर्व देशाशी बोलणाऱ्याला निपाणीच्या जनाज्याची वेळ सांगणे परवडत नाही. ते काम आता मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटाकडे गेले आहे. तेथे बातमी झटपट येते हे खरे. पण तेथे संपादक नसतो, आणि खोटी बातमीही तितकीच झटपट येते.

मघाशी म्हटलेली लिपीची गोष्ट आता पुढे येते. नस्तालीक पडद्यावर आली खरी, पण सीमाभागातील तरुण मुसलमान ती वाचतोच असे नाही. तो कन्नड, मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकला आहे. कागदावरील उर्दू पत्र घरी येत होते, तेव्हा आजोबांसाठी घेतलेला अंक नातवाच्या दृष्टीस तरी पडे, आणि अक्षरांची तोंडओळख त्यातून राही. दूरध्वनीवर प्रत्येकाचा पडदा स्वतंत्र. आजोबांची पीडीएफ आजोबांजवळच राहते. नातू बातमी वाचतो ती मराठी दैनिकात वा कन्नडमध्ये. मंगळूरला २००३ साली ‘वार्ता भारती’ हे कन्नड दैनिक निघाले. त्याचे प्रधान संपादक अब्दुस्सलाम पुत्तिगे यांनी अल्पसंख्याकांचे प्रश्न मांडण्यासाठी प्रदेशाचीच भाषा घेतली, आणि हे पत्र पडद्यावरही जोमाने चालते. मराठीत एवढ्या ताकदीचे दैनिक मुसलमान समाजातून उभे राहिले नाही, ही उणीव मराठी वाचकालाही जाणवली पाहिजे. शेजाऱ्याच्या घरातील बोलणे आपल्या भाषेत ऐकण्याची संधी त्यामुळे आपण गमावली आहे.

नातू उर्दू ऐकतो मात्र आवडीने. यूट्यूबवरील उर्दू बातमीपत्रे, मुशायरे, भाषणे त्याला कळतात, कारण कानाला लिपी लागत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या ‘रेख्ता’ या संकेतस्थळाने उर्दू कविता नस्तालीकबरोबर देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही दिली, आणि नस्तालीक न वाचणारे असंख्य लोक तिच्याकडे वळले. वर्तमानपत्र ऐकण्याची रीत तशी जुनीच आहे. केरळात विडी कामगार आपल्यातील एकास वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयास बसवीत आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळीत. निपाणीही विड्यांचेच गाव आहे, तेव्हा तेथील श्रोत्यांना हे चित्र परके वाटू नये. पण त्या वाचनात एक माणूस तरी वाचणारा होता, आणि वाचलेला अंक संध्याकाळी मागे उरत होता.

मागे काय उरते, हाच सध्याचा कळीचा प्रश्न आहे. १९५४ च्या कायद्याने पुस्तकांची आणि १९५६ च्या दुरुस्तीने वर्तमानपत्रांचीही प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे धाडणे प्रकाशकावर बंधनकारक केले. पडद्यावरील पानाचा त्या कायद्यात उल्लेख नाही. संकेतस्थळाचे वार्षिक भाडे थकले की पाने नाहीशी होतात. पानांच्या जुन्या छायाचित्रांतील नस्तालीक यंत्राला वाचावयास लावणे आजही अवघड आहे, त्यामुळे ती पाने जपली तरी त्यांत हवी ती बातमी शोधावयाची म्हणजे अंक न् अंक चाळणे आले. ‘इन्-पेज’मध्ये साठवलेला मजकूर त्या आज्ञावलीवाचून उघडत नाही, युनिकोडमध्ये आणावयाचा तर निराळे रूपांतर करावे लागते, आणि लहान पत्रांच्या कचेऱ्यांतून हे काम करण्यास माणूस नसतो. दगडावर छापलेले शंभर वर्षांपूर्वीचे उर्दू अंक मात्र, कसरीने खाल्ले नसतील तर, नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात. बेळगाव-निपाणीकडील ज्या घरांत, मशिदींच्या वाचनालयांत किंवा उर्दू शाळांच्या कपाटांत असे गठ्ठे पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी प्रत्येक अंकाचे नाव, गाव आणि तारीख एका वहीत उतरून ठेवावी. पानांची छायाचित्रे काढावयाची तर पहिल्या पानावरील ती ओळ त्यात आली पाहिजे, कारण तारीख नसलेल्या पानाचा पुढे इतिहासकाराला काहीच उपयोग होत नाही.